गुरुवारचं पेट्रोल

पेट्रोल विकणाऱ्या कंपन्या खोटं बोलतात. हे आधीच सांगून टाकतो. पुढे जे लिहिणार आहे त्यात मी जरा मऊ होणार आहे, आणि त्या भरात हे वाक्य राहून जायला नको.

नारायणगावात पुणे-नाशिक रस्त्यावर तेव्हा समोरासमोर दोन पंप होते. एक लाल, एक हिरवा. कंपन्यांची नावं कुणी घेत नसे. ‘लालवर थांबव’, ‘हिरव्यावर भर’ एवढंच. दोन्हीकडे हाताने दांडा मारायचा, वरच्या काचेच्या नळकांड्यात पेट्रोल चढायचं, आणि मग रबरी नळीतून गाडीत उतरायचं. लालच्या पाटीवर लिहिलं होतं की आमचं पेट्रोल घाला आणि घाट सपाट करा. हिरव्याच्या पाटीवर एक गोरी बाई मोटारीत बसून हसत होती आणि तिच्याखाली ‘थेंब कमी, मैल जास्त’. मला दोन्ही पाट्यांचा संताप यायचा. घाट सपाट करा म्हणे! आमच्या तालुक्यात रस्त्यावर टाकायला खडी मिळत नव्हती आणि हे पेट्रोल ओतून घाट सपाट करायला निघाले होते.

मला तेव्हा सगळ्याचाच संताप यायचा. कॉलेज अर्धवट सोडून मी जुन्नरात चळवळीच्या कामाला आलो होतो. काम म्हणजे पत्रकं. रॉकेलच्या मापातली चोरी, शाळेची फीवाढ, बाजारातला हमालांचा प्रश्न. मी पत्रक लिहायचो, छापून आणायचो, वाटायचो, आणि कुणी न वाचता त्यात भजी बांधली की त्याच्याशी भांडायचो. ‘नागरिक बंधूंनो’ अशी सुरुवात केल्याशिवाय मला आईला पत्रसुद्धा लिहिता येत नव्हतं.

राहायला होतो एका मुसलमान कुटुंबाच्या माडीवर. खाली त्यांचं लोखंडी सामानाचं दुकान. खिळे, बिजागऱ्या, कड्या, मोटेला लागणारी चाकं. दुकान थोरला मुलगा बघायचा. त्याचे वडील, आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो, ते गाडी चालवायचे. लढाईच्या आधीची काळी मोटार, बाजूला चढायला पायरी, रबरी फुग्याचा भोंगा. जुन्नरहून नारायणगाव, मंचर करत घोडेगाव, आणि परत. माणसं, पोती, कोंबड्या आणि माझे पत्रकांचे गठ्ठे. माझ्या गठ्ठ्यांचं भाडं चाचांनी कधी घेतलं नाही. “तू आमच्यासाठीच वरडतोस ना, मग बस,” म्हणायचे.

घर भरलेलं. चाचा, चाची, दोन मुलगे, दोन सुना, नातवंडं, चाचांची एक विधवा बहीण, तिला सगळे आत्या म्हणायचे. भांडायला निवांत जागा हवी असेल तर ओट्यावर यावं लागे, आणि ओट्यावर मी बसलेला असायचो. त्यात चाचींना कमी ऐकू यायचं. पोरांच्या गलक्यात तर काहीच नाही. त्यामुळे त्यांना काही सांगायचं म्हणजे ओरडायचं. “अम्मी, मीठ संपलं!” हे माडीवर मला कळायचं. समोरच्या शिंप्याला कळायचं. कधीकधी तोच मीठ आणून द्यायचा.

चाचांना मात्र मी चाचींशी ओरडून बोलताना कधी ऐकलं नाही. मुळात बोलतानाच ऐकलं नाही. ते जेवायला बसायचे, चाची वाढायच्या, ते उठायचे. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की जुन्या वळणाच्या नवऱ्याला बायकोशी बोलण्यात कमीपणा वाटतो. यावर पत्रक काढता येईल का, असाही विचार माझ्या डोक्यात येऊन गेला होता.

भांडण सुरू झालं ते गाडीवरून. एस.टी.ची बस घोडेगावपर्यंत जायला लागली आणि चाचांची गिऱ्हाइकं कमी झाली. थोरल्या मुलाचं म्हणणं, गाडी विकावी आणि तेलाच्या इंजिनावर पिठाची गिरणी टाकावी. मुलगा वाईट नव्हता. हिशेबी होता, आणि त्याचा हिशेब बरोबर होता.

“अब्बा, ही गाडी पेट्रोल पीत न्हाई, पेट्रोलनं आंघोळ करती,” तो म्हणाला.

“गाडीला नाव ठेवू नको. पेट्रोल खराब हाये.”

“कुठलं पेट्रोल? लाल का हिरवं?”

“कुठलं तरी एक खराब हाये. दुसरं चांगलं असंल.”

“मग चांगलं कुठलं ते दाखवा. ईदपर्यंत दाखवा. गाडी पहिल्यासारखी पळाली तर ठेवू. न्हाय तर मंचरचा माणूस घ्यायला तयार हाये.”

मी ओट्यावर होतो. चाचा बाहेर आले आणि म्हणाले, “तू मधे पड. तुझी कुणाचीच बाजू नसती, तू समद्यांनाच शिव्या घालतोस. माप तू ठेव.”

मला हे काम म्हणजे मेजवानी होती. दोन कंपन्यांच्या पाट्या खोट्या पाडायच्या! पण चाचांचं त्यात काय जाणार होतं ते मला तेव्हा अर्धंच कळलं होतं. चाचींची धाकटी बहीण घोडेगावात दिलेली. तिला भेटायला त्या दर गुरुवारी चाचांच्या गाडीतून जायच्या. एस.टी. त्यांना सोसत नव्हती. डिझेलच्या वासाने नारायणगाव येईपर्यंत त्यांचा जीव अर्धा व्हायचा. गाडी गेली की गुरुवार गेला. एवढं मला ठाऊक होतं. एवढंच असेल असं मला वाटत होतं.

परीक्षेची रीत मी ठरवली. बांबूची एक कांब घेतली, तिच्यावर चाकूने सारख्या अंतरावर खाचा पाडल्या. टाकी तळाला आणून नारायणगावात वरच्या खाचेपर्यंत भरायची, घोडेगावला जाऊन परत यायचं, पुन्हा पंपाशी उभं राहून कांब टाकीत सोडायची आणि पेट्रोल किती खाचा उतरलं ते बघायचं. एका दिवशी लाल, एका दिवशी हिरवं. आता हिरव्या पंपाचा मालक गुरुवारी पंप बंद ठेवायचा. त्याचा दत्ताचा उपास असायचा. उपास याच्या पोटाला आणि बंद पंप, यावर मी त्याच्याशी वाद घातला. तो म्हणाला, “पावणं, पोटात अन्न न्हाई, हातानं दांडा कोण मारणार? तू?” तेव्हा गुरुवारी लाल आणि सोमवारी हिरवं असं आपोआपच ठरलं. सोमवारी मी बरोबर जायचो. गुरुवारी संध्याकाळी माझी कामगारांची बैठक असायची, म्हणून त्या दिवशी कांब चाचा स्वतः बुडवायचे आणि ओल्या खाचेवर नखाने खूण करून आणायचे.

लालवरचा दांडेवाला पहिल्या सोमवारी रस्त्यापलीकडूनच ओरडला, “काय चाचा, तपासणीला मास्तर आणला का?”

“मास्तर न्हाई रे. सरकार पाडणारा हाये.”

“मग ह्यो पंप पाडू नका म्हणावं. दुपारचा डबा आतच हाये.”

सोमवारच्या फेऱ्या म्हणजे लढाई. पाठीमागे चार माणसांच्या जागेत सहा, पायरीवर एक, टपावर आळे गावच्या व्यापाऱ्याची कांद्याची पोती, माझ्या मांडीवर कुणाचीतरी कोंबडी. आणि मागून एस.टी. ती थांब्यावर पोचायच्या आत आपण पोचायचं आणि उभी असलेली गिऱ्हाइकं उचलायची, हा चाचांचा धंदा. भोंगा दाबत, खड्डे उडवत, चढावर इंजिनाला रडवत ते गाडी हाणायचे. “आली का?” विचारायचे. मागचे सगळे वळून बघायचे आणि ओरडायचे, “आली, आली! दाबा, चाचा!” मीही ओरडायचो. कष्टकऱ्यांची गाडी पुढे राहिली पाहिजे, असं काहीतरी मला वाटायचं.

आणि संध्याकाळी कांब बुडवली की पेट्रोल सहा खाचा खाली गेलेलं. गुरुवारची खूण मात्र चौथ्या खाचेच्याही वर. पुढच्या आठवड्यात तेच, त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच.

चाचा खुलले. “बघितलंस? लाल ते लाल.” थोरला मुलगाही कांब हातात घेऊन बघत राहिला. मंचरच्या माणसाला त्याने ‘जरा थांबा’ असा निरोप पाठवला.

मी पेटलो. हिरव्यात भेसळ आहे, माझी खात्रीच झाली. रॉकेल मिसळत असणार! एका बैठकीत पत्रक लिहिलं. ‘नागरिक बंधूंनो, हिरव्या काचेतून तुमच्या डोळ्यांत धूळ फेकली जात आहे.’ हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते खिडकीत उभं राहून मोठ्याने म्हणून पाहिलं. समोरच्या शिंप्याने विचारलं, “मीठ हवंय का?”

छापखान्यात द्यायच्या आधी एकदा गुरुवार डोळ्यांनी पाहू, असं वाटलं. त्या आठवड्यात बैठक नव्हती. चाचांना म्हणालो, “उद्या मीही येतो.” ते जरा थबकले. “गुरवारी? गुरवारी बघण्यासारखं काय न्हाई.” मग म्हणाले, “ये. मागं बस.”

चाची पुढे बसल्या, काळ्या बुरख्याचा पडदा मागे टाकून, मांडीवर बहिणीसाठी डबा. मागे मी आणि कळंबला उतरणारी एक म्हातारी. त्या दिवशी एस.टी. आमच्या मागून आली, भोंगा वाजवला आणि पुढे निघून गेली. चाचांनी वळूनही पाहिलं नाही. मी चक्रावलो. हाच का तो माणूस? खड्डा आला की ते गाडी जवळजवळ उभी करायचे, चाक हळूच आत उतरवायचे, हळूच बाहेर काढायचे. जणू शेजारच्या सीटवर काठोकाठ भरलेलं दुधाचं पातेलं होतं.

नारायणगाव सोडल्यावर चढ लागतो आणि पुढे कळंबच्या अलीकडे रस्ता घोडनदीकडे उतरतो. चढ संपला. उताराच्या तोंडाशी चाचांनी गियर काढला, किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं.

एकदम सगळं शांत झालं. फक्त चाकांखालची खडी, आणि बाजूच्या बाजरीत पाखरं हाकलणाऱ्या कुणाचं तरी लांबून हाळी देणं. गाडी आपल्याच वजनाने खाली निघाली.

आणि चाचा बोलले. हळू आवाजात. ओरडून नाही, साध्या माणसाच्या आवाजात, चाचींच्या चांगल्या कानाच्या बाजूने. घरात ते त्यांच्या बोलीत बोलतात, तसंच बोलत होते. मी इथे मराठीत लिहितो आहे.

“काल डाळ खारट झाली व्हती.”

“मग बोलला का न्हाई?”

“धाकटी सून समोर व्हती. तिला वाईट वाटलं असतं.”

“डाळ मी केली व्हती.”

चाचांनी एक खड्डा चुकवला. मग म्हणाले, “तशी लई न्हवती खारट.” आणि चाची हसल्या. मी त्या घरात इतके दिवस राहिलो होतो, पण ते हसणं मी पहिल्यांदा ऐकलं. घरात ऐकू येईल एवढं मोठं ते नव्हतंच.

मग त्यांनी विचारलं, गुडघा दुखतोय का. त्या म्हणाल्या, दुखतोय, पण मुलांना सांगू नका, तेल आणतील आणि आत्या ते स्वतःला लावतील. मग त्या म्हणाल्या, थोरला रात्री झोपत नाही, त्याला गिरणीची काळजी आहे, त्याच्यावर रागावू नका. चाचा म्हणाले, “मी रागवलेलो न्हाई. मी भ्यालोय.” चाचींनी डब्यावरचा एक हात काढला आणि सीटवर ठेवला. त्यांनी चाचांच्या हाताला हात लावला नाही. नुसता शेजारी ठेवला.

मी डोळे मिटून घेतले आणि घोरायचं सोंग केलं. शेजारची म्हातारी माझ्याकडे बघून कुजबुजली, “असंच कर बाळा. आमी समदे असंच करतो.”

उतार संपला. चाचांनी गियर टाकला, क्लच सोडला, गाडीने एक ठसका दिला आणि इंजिन पुन्हा गरजायला लागलं. दोघंही गप्प झाली, ती थेट येताना पलीकडच्या उतारापर्यंत.

संध्याकाळी कांब बुडवली. चौथ्या खाचेच्या वर.

मी म्हणालो, “चाचा, परीक्षा बाद.”

“का?”

“गुरुवारी तुम्ही गाडी हाणत नाही. आणि उतारावर इंजिन बंद करता.”

“उतारावर समदेच करत्यात.”

“सोमवारी तुम्ही केलं नाहीत.”

“सोमवारी कुणाशी बोलू?” चाचा चिडले. “कोंबड्यांशी?”

पुढच्या सोमवारी आम्ही लाल भरलं. तीच माणसं, तशीच पोती, तीच एस.टी. मागून. कांब सहाव्या खाचेपर्यंत कोरडी आली. चाचांनी ती उलटी करून पाहिली, पुसून पुन्हा बुडवली. मग गाडीच्या पायरीवर बसले.

“सांगणार तू घरी?”

“सांगणार,” मी म्हणालो. सगळ्या बाजाराला मी मापात खोट करू नका म्हणून ओरडत फिरत होतो. आमचं माप खोटं निघालं म्हणून मी ते कोनाड्यात लपवणार होतो का?

त्यांनी मान हलवली. “सांग. पेट्रोल सारखंच हाये म्हणून सांग. पण उताराचं सांगू नको. ते आमचं हाये.”

आता यातून माझी सुटका नव्हती. पेट्रोल सारखंच, एवढंच सांगितलं तर गाडी मंचरला जाणार. का, ते सांगितलं तर त्यांच्याकडे जो एकुलता एक आडोसा होता तोही उघड्यावर येणार. पत्रकात असल्या पेचाला जागा नसते. तिथे एक बाजू चोरांची असते आणि एक आपली.

ईदच्या दोन दिवस आधी मुलाने विचारलंच. जेवणं झाली होती, सगळे माजघरात होते. मी कांब घेऊन उभा राहिलो आणि म्हणालो, “लाल आणि हिरवं, दोन्ही सारखंच आहे. पाट्या खोट्या आहेत.”

“मग गुरवारी पेट्रोल कमी का जातं?”

मी कांबेवरच्या खाचा पुन्हा मोजायला लागलो. चाचा एका बिजागरीला तेल देत होते, त्या बिजागरीला तेलाची काही गरज नव्हती.

“काय म्हणतोय?” चाचींनी विचारलं.

मुलगा ओरडला, “अम्मी, गुरवारी पेट्रोल कमी का जातं, ते इचारतोय!”

“त्यात काय इचारायचं?” चाची म्हणाल्या. कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तशा, खणखणीत, रस्त्यापर्यंत. “तुझे अब्बा उतारावर इंजिन बंद करत्यात. माझ्याशी बोलायला.”

पोरंसुद्धा थांबली. धाकट्या सुनेने पदर तोंडाला लावला. थोरलीने नवऱ्याकडे पाहिलं, आणि तो जमिनीकडे बघायला लागला. चाचांचे कान लाल झाले, त्या पंपापेक्षा लाल.

“विकायची तर विका गाडी,” चाची पुढे म्हणाल्या. “पण मग त्यांना घरात मला वरडून सांगावं लागंल. काय काय सांगतील ते तुमाला ऐकावं लागंल, हां. शिंप्यालाबी.”

सगळ्यांत आधी आत्या हसल्या. मग सगळेच. मुलगा हसला नाही. उठून अंधाऱ्या दुकानात गेला, आणि बराच वेळ आतून कड्या-बिजागऱ्या इकडून तिकडे ठेवल्याचा आवाज येत राहिला. सकाळी त्याने चहा पिताना सांगितलं, “गिरणी पुढल्या वर्षी बघू.” मग म्हणाला, “सोमवारची फेरी बंद करा, अब्बा. त्यात तोटाच हाये. गुरवार चालू द्या.” गिरणीसाठी तो किती दिवस हिशेब मांडत होता, ते मला माहीत आहे.

माझं पत्रक मी नव्याने लिहिलं. हिरव्यातल्या रॉकेलचं वाक्य काढून टाकलं. दोन्ही कंपन्यांच्या पाट्या खोट्या आहेत, गाडी किती पळते ते पेट्रोलवर नाही तर हाणणाऱ्यावर असतं, असं लिहिलं आणि दोन्ही पंपांवर जाऊन वाटलं. लालवरच्या दांडेवाल्याने त्याला हात पुसले. हिरव्यावरच्याने उलट्या बाजूला मंचरच्या कुणाचा तरी निरोप लिहून घेतला. चाचांनी मात्र ते पूर्ण वाचून घेतलं आणि म्हणाले, “समदं बराबर हाये. पण लाल ते लाल.” गुरुवारी दुसरं उघडंच नसायचं, हे मी त्यांना सांगायचं सोडून दिलं.

पुढे एका गुरुवारी मी सायकलवर मंचरहून पत्रकं घेऊन येत होतो. कळंबनंतरचा चढ सायकल ढकलत चढत होतो, मान खाली, एका नव्या संतापाची वाक्यं जुळवत. वरून गाडी येतेय हे मला अगदी जवळ येईपर्यंत कळलंच नाही, कारण तिला आवाज नव्हता. काळी मोटार माझ्या शेजारून सावकाश खाली गेली. चाची काहीतरी सांगत होत्या, चाचांनी मान त्यांच्याकडे कलवली होती, एक डोळा रस्त्यावर.

त्यांनी मला पाहिलं नाही. मी हाक मारली नाही. गाडी नदीपाशी पोचून ठसका देईपर्यंत मी सायकल धरून तिथेच उभा राहिलो.